बर्मिंगहॅम, ईशापूर की 2ए1: लष्करातून निघालेली ली-एनफिल्ड निवडताना

शाळा-कॉलेजात एन.सी.सी. केलेल्यांना आणि पोलीस चौकीतला पहारा पाहिलेल्यांना ‘थ्री नॉट थ्री’, म्हणजे .303 बोअरची (नळीच्या आतल्या व्यासाची) ली-एनफिल्ड रायफल, वेगळी सांगावी लागत नाही. मात्र भारतात हा बोअर प्रतिबंधित असल्यामुळे सामान्य परवानाधारकाला ती विकत घेता येत नाही. त्यामुळे हा आढावा मुख्यतः अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांत राहणाऱ्या, तिथल्या कायद्यानुसार परवाना असलेल्या आणि पहिली जुनी लष्करी रायफल घेऊ पाहणाऱ्या मराठी संग्राहकासाठी आहे. त्याच्यासमोर सहसा तीन पर्याय येतात: पहिल्या महायुद्धातली बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स) कारखान्याची मार्क 3 स्टार (मार्कपुढे तारा ठोकलेली), ब्रिटिश अमदानीतली ईशापूरची तीच बनावट, आणि स्वातंत्र्यानंतर ईशापूरलाच घडलेली 7.62 मि.मी.ची 2ए1. दुरून या तिघी सख्ख्या बहिणी वाटतात. किमतीत आणि संग्रहमूल्यात मात्र बराच फरक पडतो, आणि तो फरक ठरवणाऱ्या खुणा बोटभर जागेत मावतात.

पहिली नजर दस्त्याच्या लाकडावर जाते, ती जाऊ नये. लाकूड बदलता येते, घासता येते, त्याला नवे तेलही पाजता येते. दस्ता रिसीव्हरला (बोल्ट आणि नळी ज्यात बसते त्या पोलादी सांगाड्याला) जिथे जोडला जातो तिथल्या पोलादी कड्यावर, म्हणजे बट सॉकेटवर, उजव्या बाजूला जे ठोकलेले असते ते मात्र आधी वाचावे. वर मुकुट, त्याखाली राजाची आद्याक्षरे, मग कारखाना, वर्ष आणि मार्क असा साधारण क्रम असतो. ‘ई.आर.’ असेल तर रायफल सातव्या एडवर्डच्या काळातली, म्हणजे 1910 किंवा त्याआधीची, ‘जी.आर.’ असेल तर त्यानंतरची.

बर्मिंगहॅमच्या नगात खरी गंमत आहे ती त्या ताऱ्याची. मार्क 3 ही बनावट 1907 साली स्वीकारली गेली, तेव्हा तिच्यात मॅगझिन (काडतुसांची पेटी) बंद ठेवून एकेक काडतूस हाताने भरण्यासाठी सरकती पट्टी होती, डाव्या अंगाला फार लांबच्या सामूहिक माऱ्यासाठी वेगळी साइट (नेम धरण्याचे साधन) होती, आणि मागच्या साइटला वाऱ्यासाठी डावी-उजवी फिरवणारा स्क्रू होता. महायुद्धात मागणी इतकी वाढली की 1916 साली हे सगळे गाळून आणि बोल्टच्या (काडतूस नळीत ढकलून बंद करणाऱ्या दांड्याच्या) मागचा, घोडा ओढायचा गोल कॉकिंग पीस सपाट, खाचेदार करून मार्क 3 स्टार मंजूर झाली. कागदावर हे सरळ दिसते. प्रत्यक्षात कारखान्यांनी जुने सुटे भाग संपेपर्यंत वापरले, त्यामुळे तारा ठोकलेल्या काही रिसीव्हरवर त्या सरकत्या पट्टीची खाच शिल्लक असते. उलट, तारा नसलेल्या पण पुढे दुरुस्तीत पट्टी आणि लांबची साइट काढून टाकलेल्या रायफलीही भरपूर सापडतात. त्यांच्या पुढच्या लाकडात डावीकडे साइटची रिकामी जागा दिसते. म्हणून केवळ खाच पाहून ‘दुर्मीळ’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला जास्तीचे पैसे देण्याचे कारण नाही. सगळे मूळ भाग जागेवर असलेली मार्क 3 मात्र खरोखरच वेगळ्या किमतीची वस्तू आहे.

बर्मिंगहॅमच्या नगात आणखी तपासायचे ते क्रमांक. रिसीव्हर, नळी, बोल्टचा दांडा, मागच्या साइटची पट्टी, टोकाची नोजकॅप आणि पुढच्या लाकडाची खालची बाजू या ठिकाणी एकच क्रमांक असावा. बोल्टचा क्रमांक जुळत नसेल तर प्रश्न संग्रहमूल्यापुरता राहत नाही, कारण हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यामधले अंतर) तपासल्याशिवाय असा नग चालवणे धोक्याचे असते. एकमेकांकडे टोके केलेले दोन बाण दिसले तर तो नग ब्रिटिश सरकारने रीतसर सेवेबाहेर विकलेला आहे एवढाच त्याचा अर्थ. त्याला दोष मानू नये.

आता ईशापूर. कोलकात्याजवळ हुगळीकाठच्या या कारखान्याने ब्रिटनने क्रमांक 4 रायफल स्वीकारल्यावरही, संपूर्ण दुसऱ्या महायुद्धात, हीच जुनी बनावट चालू ठेवली. मुकुटाखाली ‘जी.आर.आय.’, म्हणजे राजा आणि सम्राट, ही अक्षरे दिसली की नग हिंदुस्थानातला हे जवळपास निश्चित होते. सरकारी मालकीच्या बाणाखालचा ‘आय’ त्याला दुजोरा देतो. प्रजासत्ताकानंतर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले आणि कारखान्याची ‘आर.एफ.आय.’ ही अक्षरे ठळक झाली. मॅगझिनच्या पुढे लाकडातून आडवा जाणारा स्क्रू ही ईशापूरची ओळख मानली जाते, पण तो लाकूड तडकू नये म्हणून दुरुस्तीतही घातला जाई, त्यामुळे तो इंग्रजी रायफलीवरही आढळतो. त्यावरून मूळ कारखाना ठरवू नये. ईशापुरी नगांवर पुष्कळदा काळा रंग चढवलेला असतो. तो खरवडून ‘मूळ’ पोलाद दाखवण्याचा मोह टाळावा, कारण तो रंग हाच त्या रायफलीच्या नोकरीचा इतिहास आहे.

ईशापूरच्या बाबतीत दोन सापळे आहेत. पहारेकऱ्यांसाठी काही रायफली .410 बोअरच्या, आतून गुळगुळीत नळीच्या आणि एकावेळी एकच काडतूस घेणाऱ्या केल्या गेल्या; त्यांच्या मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा असतो आणि नळीत आटे नसतात. दुसरा, ‘डी.पी.’ असा ठसा असलेले कवायतीचे नग: ते भिंतीवर शोभतात, गोळी चालवायला कदापि नाहीत.

2ए1 ही या तिघींत सर्वांत वेगळी आणि सर्वांत गैरसमजाची. ती जुन्या थ्री नॉट थ्रीला नळी बदलून केलेली आहे असे सर्रास सांगितले जाते. ते चूक आहे. 1962 च्या चीन युद्धानंतर 7.62 मि.मी. नाटो काडतुसासाठी ती चांगल्या पोलादात नव्याने घडवली गेली. तिचे मॅगझिन अधिक चौकोनी असते आणि दस्त्याची तळपट्टी 1ए एस.एल.आर. या भारतीय लष्कराच्या स्वयंभरण रायफलीवरून घेतलेली असते. 2ए आणि 2ए1 यांतला फरक मागच्या साइटवर वाचता येतो: पहिलीची पट्टी 2000 मीटरपर्यंत, दुसरीची 800 मीटरपर्यंत. अमेरिकेत या रायफली कापून ‘जंगल कार्बाइन’ (जंगलात वापरायची आखूड रायफल) म्हणून विकल्या गेल्या. असे लष्करी मॉडेल भारतात कधीच नव्हते, तेव्हा त्यांना संग्रहात जागा देण्याचे कारण मला दिसत नाही. बाजारातले .308 हे काडतूस 7.62 नाटोशी तंतोतंत एक मानून ते भरण्याआधी रायफल बंदूकतज्ज्ञाला दाखवावी.

निवड काय करायची? रेंजवर नियमित जाऊन नेम साधायचा असेल तर 2ए1 घ्यावी, कारण काडतुसे सहज मिळतात आणि पोलाद तुलनेने नवे असते. कपाटात ठेवायची असेल तर माझे मत मुकुटवाल्या ईशापूरच्या बाजूने आहे. इंग्रज संग्राहक तिला दुय्यम मानत आल्यामुळे तिची किंमत अनेकदा बर्मिंगहॅमपेक्षा कमी असते, आणि आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतल्या शिपायांच्या हाती असलेली रायफल तिच्याइतकी जवळची दुसरी नाही. बर्मिंगहॅमचा नग मात्र क्रमांक सगळीकडे जुळत असतील तरच जास्त पैसे देऊन घ्यावा. नोजकॅपवर एक क्रमांक आणि बोल्टवर दुसरा दिसला, तर त्याच पैशांत क्रमांक जुळणारा ईशापुरी नग आणि वर एक संगीनही येऊ शकते.