लव्हाळ्याच्या नावानं 23,630 रुपये मातीत

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. कृषी पदविका झालीय, वीस वर्षं ऊस करतोय. म्हणून तर जास्त लाज वाटते.

ऑगस्टअखेर अडसाली (पावसाळ्यात लावलेल्या) उसात लव्हाळा, म्हणजे नागरमोथ्याचं तण, असा माजला की सरी दिसेना. खुरपायला बाया मिळेनात. त्यात बांधावर एका औषध विकणाऱ्याची मोटारसायकल थांबली. "दादा, एकदाच मारा, गाठीसकट जळतंय." पत्रकावर लिहिलेलं : हंगामी, द्विवर्षायू, बहुवर्षायू, सगळ्या तणांवर एकच औषध, शंभर टक्के जैविक, उसाला धक्का नाही.

इथंच मला थांबायला हवं होतं. द्विवर्षायू तण पहिल्या वर्षी मूळ धरतं, दुसऱ्या वर्षी फुलतं. फुलाआधी मुळासकट उपटलं की विषय संपला. लव्हाळा जमिनीखालच्या गाठींवर जगतो. आणि ऊस तर स्वतःच गवताच्या कुळातला. हरळीसारखं गवत मारणारं औषध उसाला ओळखून सोडतं होय? हे परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत मी! पण त्यानं बांधावर मारून दाखवलेला लव्हाळा दोन दिवसांत पिवळा पडला आणि माझी अक्कल गहाण पडली.

आठ बाटल्या, 1,780 प्रमाणे 14,240. चिकटद्रव्य 1,150. फवारणी चाळीस पंप, 45 प्रमाणे 1,800. पैसे फोनवरून त्याच्या खासगी खात्यावर. पक्कं बिल "पार्सलबरोबर येईल" म्हणाला. बाटली उघडली तर मळीसारखा वास. लेबलवर नोंदणी क्रमांक नाही, विषाचा रंगीत त्रिकोण नाही. बघितलं, पण पंप भरलेले होते, माणसं उभी होती. तुम्ही तरी काय केलं असतं?

शेंडे करपले. बाराव्या दिवशी नवे कोंब. खुरप्यानं गाठ काढून नखानं सोलली, आत पांढरीशुभ्र, वासही नागरमोथ्याचा तोच. मग 22 बाया, 300 रुपये हजेरी, 6,600 गेले ते वेगळेच.

तालुक्याला कृषी कार्यालयात गेलो. साहेब फिरतीवर. दुसऱ्या दिवशी बैठक. तिसऱ्या दिवशी भेटले, म्हणाले, "जैविक लिहिलंय ना, मग ते तणनाशकात धरता येत नाही." अहो, तण मारायला म्हणूनच विकलंय की! पंचायत समितीत गेलो तर म्हणे तालुक्याला जा. पोलीस म्हणाले, हे कृषीचं काम, शिवाय पैसे तुम्ही राजीखुशीनं दिलेत. परत कृषीत. "सीलबंद बाटली आणा, नमुना त्यातूनच घेतात." सीलबंद कुठली? "रिकामी तरी?" रिकाम्या बाटल्या त्यानंच वीस-वीस रुपये देऊन परत नेल्या होत्या, पर्यावरणासाठी म्हणून. पुरावा मी 160 रुपयांना विकला. हे ऐकून क्लार्कसुद्धा हसला.

परवानाधारक दुकानाबाहेर तणनाशक घेऊ नका. बिलावर बॅच नंबर लिहून घ्या. एक बाटली शेवटपर्यंत फोडू नका, कितीही घाई असू दे. उसातल्या लव्हाळ्याला हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल 75 टक्के हे तणनाशक आहे, एकरी 36 ग्रॅम, लव्हाळा कोवळा तीन-चार पानांवर असताना. तरी नवे कोंब येतात, लक्ष ठेवावंच लागतं. कोणी "एकदाच मारा" म्हणाला की त्याला बांधावरूनच वाटेला लावा.

त्याचा नंबर अजून चालू आहे. परवा स्टेटसला तोच पिवळा लव्हाळा होता, बांध दुसऱ्याचा.