जिल्हा न्यायालयातला मोफत कायदा सल्ला: जुन्या शिक्षेबद्दल खरं उत्तर इथे मिळालं

घरातल्या कुणाची नोकरी जुन्या केसमुळे अडली असेल, तर पैसे भरण्याआधी जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात जा. आम्ही धाकट्या दिरांसाठी गेलो होतो.

२०१४ साली गावच्या जत्रेत मारामारी झाली, कलम ३२४ (धोकादायक हत्याराने दुखापत करणं) लागलं आणि कोर्टात गुन्हा शाबीत झाला. त्यानंतर त्यांच्या नावावर साधी तक्रारही नाही. आता सुरक्षा रक्षकाची नोकरी मिळत होती, तर चारित्र्य पडताळणीत ती केस वर आली. बाजारपेठेतला एक एजंट म्हणाला, सात वर्षं झाली की रेकॉर्ड पुसलं जातं, फक्त वरून काढून घ्यावं लागतं. त्याचे त्याने आठ हजार मागितले.

सल्ल्याला बसलेल्या वकील मॅडमनी हे ऐकून मान हलवली. सज्ञान माणसाची शिक्षा अमुक वर्षांनी आपोआप पुसली जाते असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. सात वर्षं कुठून आली कोण जाणे! उलट २०२२ च्या कायद्याप्रमाणे आरोपींचे बोटांचे ठसे आणि मापं ७५ वर्षं जपून ठेवता येतात. ऐकून आमचे हातपाय गळाले. पण कुणीतरी खरं सांगितलं, याचं मला फार मोल वाटतं.

मग त्यांनी विचारलं, "ताई, निकालाची नक्कल आणलीय का?" आणली होती. ती त्यांनी शेवटच्या पानापर्यंत शांतपणे वाचली, आणि सगळं तिथेच सापडलं. कोर्टाने दिरांना तुरुंगात न पाठवता १९५८ च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याच्या कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं होतं. आम्ही इतकी वर्षं त्याला नुसतं 'बाँडवर सुटले' म्हणत होतो. त्याच कायद्याचं कलम १२ सांगतं की अशा माणसाला शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही. आमच्यासाठी हे कळीचं होतं, कारण खासगी सुरक्षा एजन्सींच्या २००५ च्या कायद्यात गुन्हा शाबीत झालेल्या माणसाला रक्षक म्हणून घ्यायला मनाई आहे.

दिरांनी मला हळूच विचारलं, "वहिनी, मग फॉर्मवर 'केस नाही' लिहू?" मॅडमनी ते ऐकलं आणि ठामपणे नको म्हणाल्या. अपात्रता जाते, पण गुन्हा शाबीत झाला ही गोष्ट तशीच राहते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतार सिंग खटल्यात सांगितलंय की माहिती लपवणं हेच नोकरी जायचं कारण होऊ शकतं. खरं लिहिलं तरी मालकाला विचार करायचा अधिकार असतोच, तोही त्यांनी आमच्यापासून लपवला नाही.

शेजारी एक बाई मुलाची केस घेऊन बसल्या होत्या. गुन्ह्याच्या वेळी तो सोळा वर्षांचाही नव्हता. त्यांचं उत्तर वेगळं होतं: बाल न्याय कायद्याच्या कलम २४ प्रमाणे अशा मुलाला अपात्रता लागत नाही आणि अपिलाची मुदत संपल्यावर ते रेकॉर्ड नष्ट करायचं असतं. त्या बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ब्रिटनमध्ये १९७४ च्या कायद्याने मोठ्यांच्याही बऱ्याच शिक्षा ठरावीक काळानंतर मागे पडतात. आपल्याकडे तशी मुदत हवीच, असं माझं स्पष्ट मत आहे. एका जत्रेतली मारामारी माणसाने म्हातारपणापर्यंत का वाहायची?

दिरांनी फॉर्मवर 'होय' लिहिलं, निकालाची नक्कल आणि कलम १२ चा उल्लेख असलेला अर्ज जोडला. एजन्सीने कागद वरच्या ऑफिसला पाठवले, थोडी वाट बघायला लावली आणि रुजू करून घेतलं.

माझ्याकडून पाचपैकी पाच. बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतले लोक यांना इथे उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१०० आहे. जाताना सही-शिक्क्याची नक्कल घेऊनच जा. ती नसेल तर आधी कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करा. केस नंबर आणि साल माहीत असलं की काम लवकर होतं.