ओरिजिनल म्हणून रंगवलेली डायल गळ्यात मारली, व्हिंटेज घड्याळ घेणाऱ्यांनी जरूर वाचा

१९६० च्या दशकाच्या शेवटाचं ओमेगा सीमास्टर. विकणाऱ्याने मेसेजमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की डायल शंभर टक्के ओरिजिनल आहे, कधी हात लागलेला नाही, आणि पैसेही त्याच हिशोबाने घेतले. घड्याळ आलं, केस बरोबर, मशीन बरोबर, टाइम पण छान दाखवतंय, फक्त डायल अख्खी पुन्हा रंगवलेली. जुन्या घड्याळात बरीचशी किंमत डायलचीच असते, त्यामुळे ही छोटी गोष्ट नाहीये, सरळ सरळ फसवणूक आहे.

फोटो त्याने भरपूर पाठवले होते पण सगळे तिरके, आणि काचेवर ओरखडे. आता ॲक्रिलिकची काच थोड्या पॉलिशने साफ होते हे जुनी घड्याळं विकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं, तरी ती तशीच ठेवलेली, कारण त्या ओरखड्यांमागे प्रिंटिंग नीट दिसतच नाही. सरळ वरून, काच काढून फोटो द्या म्हटलं तर "उघडलं की धूळ जाते" हे उत्तर. हे उत्तर लक्षात ठेवा.

माझ्या घड्याळात पहिली शंका आली ती सहाच्या आकड्याखालच्या बारीक अक्षरांवरून. त्या काळात अंधारात चमकणाऱ्या रंगात, म्हणजे ल्यूममध्ये, ट्रिटियम हा किरणोत्सारी पदार्थ असेल तर डायलच्या तळाशी 'टी स्विस मेड टी' असं छापायचे. इथे तासांच्या खुणांवर, म्हणजे मार्करवर, ल्यूमचे ठिपके आहेत, काट्यांत ल्यूम आहे, आणि खाली नुसतं 'स्विस मेड', तेही दोन्ही शब्दांतल्या अक्षरांमधलं अंतर वेगवेगळं. एवढ्यावरून निकाल लावू नका हं, ज्या डायलवर ल्यूमच नाही तिथे टी नसणं अगदी बरोबर आहे, आणि हुशार रंगवणारे टी सुद्धा छापतात.

मग यूव्ही (अतिनील किरणांचा) टॉर्च मारला. ट्रिटियमचं अर्धायुष्य साधारण १२.३ वर्षं, म्हणजे ६० वर्षांत त्यातला जेमतेम तिसावा भाग उरतो, त्यात चमकणारी पावडरही थकलेली असते. जुना ट्रिटियम ल्यूम टॉर्चखाली उजळतो आणि टॉर्च बंद केला की बहुतेक वेळा लगेच विझतो. माझ्या काट्यांनी तेच केलं. डायलवरचे ठिपके मात्र नंतर बराच वेळ चमकत राहिले! वरून त्यांना छान पिवळसर, जुना वाटेल असा रंग दिलेला, म्हणजे हे नुसतं रंगकाम नाही, ते जुनं भासावं याची पण काळजी घेतलेली. मला सगळ्यात जास्त राग ह्याचा आला.

घड्याळ दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या काकांनी डायल बाहेर काढली आणि दहापट भिंग हातात दिलं. कंपनीच्या छपाईत शाई किंचित उठून असते, कडा धारदार, बारीक टोकं स्वच्छ. इथे अक्षरं जाड, मधल्या पोकळ्या भरत आलेल्या, मिनिटांच्या रेघा काही लांब काही आखूड आणि काही ठिकाणी मार्करच्या मध्यावरून सरकलेल्या. मार्करच्या बुडाशी रंग साचलेला. तारखेच्या खिडकीची कड रेखीव असायला हवी ती रंगाने गोलसर झालेली. डायलच्या कडेला एक छोटी खाच आणि मागच्या बाजूला हाताने कोरलेला नंबर, रंगवणारे बरेचदा अशी खूण करतात म्हणे.

अजून दोन गोष्टी ह्याच ओघात. क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेलं घड्याळ असेल तर छोट्या डायलमधल्या गोल बारीक रेघा बघा, रंगवताना त्या बुजतात. आणि जुन्या काळ्या गिल्ट (सोनेरी अक्षरांच्या) डायलमध्ये ती अक्षरं सहसा वरून छापलेली नसतात, खालचा धातूच दिसत असतो, तिथे सोनेरी शाई उठून दिसली तर शंका घ्या.

ट्रिटियमच्या आधीच्या, ल्यूममध्ये रेडियम असायच्या काळातली डायल असेल तर ल्यूम नखाने खरवडून बघू नका कृपया. चमक गेली तरी रेडियम तसंच असतं, त्याचं अर्धायुष्य १६०० वर्षांच्या आसपास आहे आणि ती धूळ श्वासातून जाणं धोक्याचं आहे.

डायल रंगवून घेणं हा काही गुन्हा नाही, पूर्वी सर्व्हिसिंगला दिलं की खराब डायल रंगवून देणं अगदी नॉर्मल होतं, आणि तसं सांगून, तशा भावात विकलं तर कोणाची तक्रार नसेल. ह्या माणसाला फोटो पाठवले तर म्हणाला पत्रा कंपनीचाच आहे, म्हणजे डायल ओरिजिनलच झाली ना. मी त्याचा "कधी हात लागलेला नाही" हा मेसेज परत पाठवला, त्यानंतर उत्तर बंद. तो मेसेज, पेमेंटची नोंद आणि भिंगातून काढलेले फोटो जोडून तक्रार केली आहे, पैसे अजून मिळालेले नाहीत. तुम्ही घेताना "डायल पुन्हा रंगवलेली नाही, निघाली तर पूर्ण पैसे परत" हे एवढं वाक्य पैसे द्यायच्या आधी लेखी मागा, नुसतं ओरिजिनल ह्या शब्दावर जाऊ नका, आणि लिहून द्यायला तो टाळाटाळ करत असेल तर व्यवहार तिथेच सोडा.