ह्यूगो, ऑडॅसिटी आणि स्वतःची फीड: खेड्यातून पॉडकास्ट चालवताना नऊ महिन्यांत काय अनुभवलं

मृगाच्या पेरणीआधी सुरुवात केली होती, आता कापसाची शेवटची वेचणी उरकली. नऊ महिने झाले. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावच्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं मी रेकॉर्ड करतो आणि पॉडकास्ट म्हणून टाकतो. वखर-डवऱ्याची नावं, पंगतीतली जेवणं, पूर्वी यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी नॅरोगेज रेल्वे शकुंतला, असे २२ भाग झाले. पोटाचं काम वेगळं आहे, कोडिंग ही हौस. ज्यांना आपल्या गावातून असं काही करायचं आहे त्यांच्यासाठी हा अनुभव लिहितोय.

याच्याही आधी, दोन वर्षांपूर्वी, मी सहा रेकॉर्डिंग एका मोफत सेवेवर टाकली होती. ती सेवा बंद झाली. सूचनेची मेल आली होती, पण ती माझ्या बघण्यात आली तोवर मुदत संपली होती. पाच रेकॉर्डिंग फोनमध्ये होती. सहावं एका काकाजींचं होतं, त्याची दुसरी प्रत माझ्याजवळ नव्हती. काकाजी आता नाहीत. तेव्हापासून कोणतंही साधन हातात घेताना मी एकच गोष्ट आधी पाहतो: हे उद्या बंद पडलं तर माझ्याकडे काय उरेल?

म्हणून या वेळी पहिला खर्च डोमेनचा, म्हणजे स्वतःच्या नावाच्या वेबपत्त्याचा केला, माइकचा नाही. ऐकणाऱ्याच्या ॲपात साठवला जातो तो फीडचा पत्ता, आणि तो आपल्या मालकीचा असला की मागचं सगळं बदलता येतं. फीड म्हणजे फार काही नाही, ॲपाला वाचता येईल अशी भागांची यादी, खुणा घालून लिहिलेली एक साधी एक्सएमएल फाइल. प्रत्येक भागाची एक नोंद, तिच्यात शीर्षक, तारीख, एक ओळख क्रमांक आणि एन्क्लोजर. एन्क्लोजरमध्ये ऑडिओ फाइलचा पत्ता, तिची बाइटमधली लांबी आणि प्रकार. फीड लिहायच्या या ठरावीक पद्धतीला आरएसएस म्हणतात; डेव्ह वायनर यांनी तिच्यात हे एन्क्लोजर २००० साली आणलं, पॉडकास्ट हा शब्दच मुळी २००४ चा. इतक्या वर्षांत ॲपं आली आणि गेली. गूगल पॉडकास्ट्स २०२४ मध्ये बंद झालं, तरी लोक आपली यादी ओपीएमएल फाइलमध्ये घेऊन दुसऱ्या ॲपात गेले. फीड होती तिथंच राहिली. मला या तंत्राबद्दल फार आपुलकी वाटते.

पहिले ११ भाग मी फीड हातानं, टेक्स्ट एडिटरमध्ये लिहिली. कोणीही एकदा तरी तसं करावं, कारण कुठं काय बिघडतं ते कळतं. माझी फीड पहिल्याच दिवशी एका ॲपात उघडेना. ॲपलच्या वर्गवारीत ‘सोसायटी अँड कल्चर’ असा एक विभाग आहे आणि त्यातला ‘अँड’ चिन्हानं लिहिलेला आहे. ते चिन्ह एक्सएमएलमध्ये जसंच्या तसं चालत नाही, त्याचं ठरावीक रूप लिहावं लागतं. त्या एका चिन्हापायी अख्खी फीड वाचता येत नव्हती. डब्ल्यूथ्रीसीचा फीड व्हॅलिडेटर मोफत आहे, त्यानं ती ओळ नेमकी दाखवली. आता कोणताही भाग टाकला की आधी तिथं तपासतो.

सप्टेंबरात ह्यूगोवर आलो. ह्यूगो म्हणजे मजकुराच्या फाइलींपासून तयार वेबपानं बनवून देणारा प्रोग्राम. एकच फाइल उतरवायची, बाकी काही बसवायचं नाही, आणि साइट बनवताना इंटरनेट लागत नाही. आमच्याकडे ही बाब फार मोठी आहे. दिवसभर घरात रेंज नसते, म्हणून सगळं काम लॅपटॉपवर करून, तिथंच ब्राउझरमध्ये पाहून, संध्याकाळी गच्चीवर जाऊन आरसिंक या फाइली पाठवणाऱ्या प्रोग्रामनं सर्व्हरवर पाठवतो. जेवढं बदललं तेवढंच जातं, दोन मिनिटांत काम होतं. माझा लॅपटॉप सात वर्षांचा आहे आणि साइट डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच तयार होते.

पण दोन ठिकाणी माझा वेळ गेला. एक भाग संध्याकाळी सातला टाकला तर तो साइटवर येईचना. काहीच चूक दिसत नव्हती. तारखेला वेळेचा पट्टा लिहिला नाही तर ह्यूगो ती वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ धरतो, म्हणजे माझे संध्याकाळचे सात त्याच्या हिशेबी आपल्याकडचे रात्रीचे साडेबारा झाले, आणि पुढच्या तारखेचं पान तो मुळात बनवतच नाही. कॉन्फिगमध्ये, म्हणजे ह्यूगोच्या सेटिंगच्या फाइलीत, टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ लिहिलं आणि प्रश्न मिटला.

दुसरी चूक माझ्या ऐकणाऱ्यांना भोवली, तिची मला अजून चुटपुट आहे. हातानं लिहिलेल्या फीडमध्ये मी प्रत्येक भागाला माझा स्वतःचा ओळख क्रमांक दिला होता. ह्यूगोचा मूळ साचा त्या जागी पानाचा पत्ता घालतो. शिवाय त्या साच्यात एन्क्लोजर नसतंच, म्हणून साचा आपला आपण लिहावा लागतो. मी लिहिला, पण ओळख क्रमांकाची ओळ तशीच ठेवली. क्रमांक बदलला की ॲपाला तो भाग नवा वाटतो. सगळ्यांच्या फोनमध्ये ११ जुने भाग पुन्हा उतरले. एका भागाचे १४ एमबी धरले तर दीडशे एमबीच्या वर. चाकणला कंपनीत असलेल्या मावसभावाचा दुपारीच फोन आला, “दादा, माया दिवसाचा नेट तुया पॉडकास्टनंच खाल्ला.” फीड बदलणार असाल तर जुने ओळख क्रमांक आधी एका फाइलीत उतरवून घ्या. ते कधीही बदलू नका, भागाचं शीर्षक बदललं तरी.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक खास अडचण सांगतो. सुरुवातीला मी फाइलींची नावं देवनागरीत ठेवली. ‘पऱ्हाटी’ (म्हणजे कपाशी) नावाचा भाग कोणाला मिळेना. पत्ता बरोबर दिसत होता, फाइल जागेवर होती. शेवटी दोन्ही नावं अक्षर-अक्षर करून पाहिली. लॅपटॉपच्या कीबोर्डनं ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर लिहिलं होतं, फोनच्या कीबोर्डनं साधा र, हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह. डोळ्याला शब्द एक, संगणकाला दोन. वऱ्हाडातल्या माणसाला ‘ऱ्ह’ टाळता येत नाही, तेव्हा हे कुणाच्याही वाट्याला येऊ शकतं. शिवाय वेबपत्त्यात देवनागरीचं एकेक चिन्ह संकेतात बदलून नऊ अक्षरांचं होतं. ‘पऱ्हाटी’ एवढा एक शब्द ६३ अक्षरांचा. आता फाइलींना फक्त आकडे देतो आणि शीर्षकं मनासारखी मराठीत ठेवतो.

रेकॉर्डिंगसाठी फोन आणि शर्टाला लावायचा साधा कॉलर माइक पुरतो. खरा फरक जागेनं पडतो. पावसाळ्यातले भाग टिनाच्या छपराखाली झाले, ते आज ऐकताना मला त्रास होतो. दिवाळीनंतर कापूस घरी आला आणि भाव वाढेल म्हणून मागच्या खोलीत भरून ठेवला. भिंतीला छातीएवढा ढीग. एकदा बाहेर ट्रॅक्टर चालू होता म्हणून शेजारच्या आबाजींना त्या खोलीत बसवलं. घरी हेडफोन लावला आणि थबकलोच. घुमणं नाही, बाहेरचा आवाज नाही, आबाजींच्या श्वासासकट सगळं स्वच्छ. सरकीसकटचा कापूस आवाज पिऊन टाकतो. त्यानंतरचे सहा भाग तिथंच केले. आत बिडी-काडी अजिबात न्यायची नाही, आणि ढीग जुना झाला की अंगाला खाज सुटते, म्हणून अर्ध्या तासाच्या वर कोणाला बसवायचं नाही.

आवाज कापायला-साफ करायला मी ऑडॅसिटी हा प्रोग्राम वापरतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. लॅपटॉपची बॅटरी केव्हाचीच गेली आहे, त्यामुळे लाइन गेली की लॅपटॉप बंद. दोनदा ऐन कामात असं झालं. पुन्हा सुरू केल्यावर ऑडॅसिटीनं काम परत आणू का विचारलं आणि आणलंही. आवाज साफ करताना आधी शांततेचा दोन-तीन सेकंदांचा तुकडा नमुना म्हणून द्यावा लागतो, म्हणून आता प्रत्येक बोलणं सुरू होण्याआधी मी सगळ्यांना क्षणभर गप्प बसवतो. सफाई हलकीच करावी, जास्त केली की आवाज पत्र्यासारखा होतो.

निर्यात एमपीथ्री, मोनो, ६४ केबीपीएस. अर्ध्या तासाचे साधारण १४.४ एमबी. ओपस हा दुसरा ऑडिओ प्रकार वापरून पाहिला, २४ केबीपीएसला ५.४ एमबीत तेवढंच बोलणं चांगलं ऐकू येतं. पण एमपीथ्री जुन्या फोनवर, मेमरी कार्डावर, ट्रॅक्टरच्या टेपवरही चालते, म्हणून तीच ठेवली. मूळ वेव्ह फाइल आणि एमपीथ्री दोन्ही इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहावर ठेवतो, एक प्रत घरच्या हार्डडिस्कवर. फीडमध्ये मात्र पत्ता माझ्याच डोमेनचा असतो आणि तिथून रीडायरेक्ट आर्काइव्हकडे जातो.

ऐकणाऱ्यांना मी अँटेनापॉड सुचवतो. खुल्या स्रोताचं, अँड्रॉइडवरचं ॲप, फीडचा पत्ता सरळ चिकटवता येतो. पण खरं सांगायचं तर फीड वापरतात ती बाहेरगावी गेलेली मंडळी. गावात फाइल व्हॉट्सॲपवरच मागतात आणि मी तीही देतो.

एक नियम आबाजींनी घालून दिला. पहिल्या दिवशी माइककडे बोट करून म्हणाले, “हे डब्बी चालू हाये काय? मंग मी बोलतो. बंद कर म्हनलं तं बंद करजो.” तेव्हापासून प्रत्येक भाग टाकण्याआधी बोलणाऱ्याला पूर्ण ऐकवतो. दोनदा लोकांनी थोडं काढायला सांगितलं, तेवढं काढलं.

सध्या भागांसोबत मजकूर जोडायचं काम चालू आहे. पॉडकास्ट फीडच्या नव्या टॅगांमध्ये ट्रान्सक्रिप्टची, म्हणजे बोलण्याचा लिहिलेला मजकूर जोडायची सोय आहे, फाइल व्हीटीटी (वेळेसह मजकूर) प्रकाराची चालते. यंत्राकडून लिहून घेऊन पाहिलं, पण ते ‘मले’चं ‘मला’ करतं आणि ‘करजो’ तर त्याला कळतच नाही. म्हणून हातानं लिहितोय, चार भाग झाले. पाचव्यात आबाजी वखराच्या पासेला धार लावण्याबद्दल बोलताना एक शब्द वापरतात. दहादा ऐकला, तरी कसा लिहायचा ते मला ठरवता येत नाही. उद्या सकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन विचारणार आहे.