४५० रुपयांचा व्हीपीएस, ९ महिने, आणि साडेपाच तास मागं चालणारं घड्याळ

परवा व्हीपीएसच्या, म्हणजे महिन्याच्या भाड्यानं घेतलेल्या इंटरनेटवरच्या सर्व्हरच्या, नूतनीकरणाचा मेसेज आला, म्हणून अर्धवट पडलेला हा अनुभव शेवटी पुरा करतोय. पहिला भाग मार्चमध्ये चिडून लिहिला होता. तो बदलत नाही, कारण त्या वेळी जे वाटलं ते खरंच वाटलं होतं. नंतर मत बदललं, तेही खाली आहे. कंपनीचं नाव घेत नाही. १ जीबी रॅम, १ कोअर, २५ जीबी डिस्कचे हे प्लॅन सगळीकडे सारखेच असतात, त्यामुळं स्पेक्सवर वेळ घालवत नाही.

काम काय ते सांगतो. निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या एका दूध संकलन केंद्राचं सॉफ्टवेअर माझ्याकडे आहे. ३१२ खाती, निम्मी मराठी नावं, निम्मी कानडी. सकाळ-संध्याकाळ लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) टाकायचं, पावती द्यायची, दर १० दिवसांनी बिल काढायचं. आधी हे केंद्रातल्याच पीसीवर चालायचं. पावसाळ्यात वीज गेली की यूपीएस पाऊण तासात मान टाकायचा आणि केंद्राचे सेक्रेटरी अण्णा वहीवर यायचे. म्हणून नोव्हेंबरमध्ये व्हीपीएस घेतला. ४५० रुपये महिना, १८ टक्के जीएसटी धरून ५३१. अण्णा एकेका रुपयाचा हिशोब विचारतात आणि ते बरोबरच आहे, पैसा शेतकऱ्यांचा आहे.

बस्तान हलवताना जो त्रास झाला त्याबद्दल कंपनीला बोल लावत नाही. प्रोग्राम पीएचपी या भाषेत लिहिलेला, जुना कोड तिच्या ५.६ आवृत्तीचा, डेटाबेसशी बोलणारी त्यातली जुनी फंक्शनं पीएचपी ७.० मध्ये, म्हणजे २०१५ सालीच काढून टाकलेली. ती सगळी बदलून मायएसक्यूएलआय या नव्या फंक्शनांवर आणली. पावतीवरचं नाव २० अक्षरांत कापायची एक ओळ होती, ती बाइट मोजायची. देवनागरी काय, कानडी काय, एकेका अक्षराला ३ बाइट लागतात. २० बाइटांत काना-मात्रा धरून ६ चिन्हं मावायची आणि उरलेल्या २ बाइटांचं फुटकं प्रश्नचिन्ह छापून यायचं. तिथं बाइटांऐवजी अक्षरं मोजून कापणारं एमबी_सबस्ट्र हे फंक्शन घातलं, तर पान पांढरंफटक. सर्व्हरवरच्या उबंटू लिनक्सवर त्याला लागणारं एमबीस्ट्रिंग हे वेगळं पॅकेज आहे, ते मी घातलंच नव्हतं. हे मला एरर लॉगमधल्या, म्हणजे सर्व्हर चुका लिहून ठेवतो त्या फाइलमधल्या, एका ओळीनं सांगितलं, पण त्याआधी मी दोन तास कोड खालीवर करत बसलो होतो. प्रत्यक्ष वापराच्या सर्व्हरवर चुका पडद्यावर दाखवायच्या नसतात, त्या लॉगमध्ये जातात, हे माहीत असूनही.

त्यानंतर चार महिने काही तक्रार नाही. डिसेंबर-जानेवारीत तर मी चार जणांना हा प्लॅन घ्या म्हणून सांगितलं.

मार्चमध्ये लिहिलेलं

आजपासून या कंपनीला १ स्टार. रोज पहाटे ५ ते ५:३० यांचा सर्व्हर नोंदी नाकारतो. थंडीत आमच्याकडे धारा उशिरा निघतात, दूध ६ च्या पुढं येतं. मार्च लागला की ५ वाजताच रांग लागते. आणि नेमक्या त्याच वेळेला पान पांढरं पडतं. सगळ्यांचं नाही, काही जणांचंच. तेही रोज नाही. खाते क्रमांक ४७ च्या मावशी तर आठवड्यात तीनदा अडकल्या. म्हणाल्या, "माझंच दूध नको म्हणालंय काय रे तुझं मशीन?" अण्णांनी त्यावर आपला उपाय शोधलाय. "जरा थांबून टाकलं की घेतंय बघ." खरंच घेतं. ५:३० नंतर तीच नोंद, तेच लिटर, तीच फॅट, गपगुमान जाते.

मी कंपनीकडं तिकीट, म्हणजे ऑनलाइन तक्रार, टाकलं. पहाटे तुमच्याकडे बॅकअप चालत असेल, डिस्कवर ताण येत असेल, तपासा, असं स्पष्ट लिहिलं. सहा तासांनी उत्तर आलं की सर्व्हर व्यवस्थित चालू आहे, अडचण तुमच्या कोडमध्ये आहे, हवा तर १,८०० रुपयांचा मॅनेज्ड प्लॅन (ज्यात सर्व्हरची देखभाल कंपनी करते) घ्या. दुसरं तिकीट टाकलं, तिसरं टाकलं. तेच उत्तर, नुसतं खालचं नाव वेगळं. म्हणजे ४५० वाल्याला त्रास द्यायचा आणि १,८०० वर ढकलायचं. अशा कंपनीपासून लांब राहा.

एप्रिलपासून पुढं

वरचं सगळं लिहून झाल्यावर लॉग उघडला. आधी उघडायला हवा होता. त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं: डुप्लिकेट एन्ट्री. खातं, तारीख आणि पाळी या तिघांवर मी युनिक इंडेक्स लावलेला आहे, एकाच पाळीत एका खात्याचं दूध दोनदा चढू नये म्हणून. डेटाबेस म्हणत होता की ४७ चं सकाळचं दूध आधीच घेतलंय. मला वाटलं, केंद्रावरचा पोरगा बटण दोनदा दाबतोय. मग मी या नऊ महिन्यांतली सगळ्यांत वाईट गोष्ट केली. इंडेक्सच काढून टाकला. नोंदी सुरळीत जायला लागल्या आणि तीन दिवस मला वाटलं, सुटलं एकदाचं.

चौथ्या दिवशी मावशी पासबुक घेऊन आल्या. सोमवारी सकाळचं दूध दोनदा आणि मंगळवारी खाडा. "म्हस माझी एक, आणि मंगळवारी तर मी आलेली." खाड्याचं दुःख त्यांना पैशांपेक्षा जास्त होतं. आमच्या केंद्रावर दिवाळीचा फरक, म्हणजे दुधाचे वरचे पैसे, वाटताना खाडे मोजतात, आणि ज्या बाईनं वर्षभर एकही पाळी चुकवलेली नाही तिच्या पासबुकात माझ्या प्रोग्रामनं खाडा लिहिला होता. सोबत त्यांनी पावत्या आणल्या होत्या, रबर लावून जपून ठेवलेल्या. मंगळवारची पावती काढली. छापलेली तारीख मंगळवारची, वेळ ५:१४. तीच नोंद डेटाबेसमध्ये काढली, तर तिथं सोमवार.

पावती बरोबर आणि खातं चूक. दोन्ही एकाच क्षणी, एकाच प्रोग्राममधून निघालेले.

त्या रात्री ९:४० ला घरी बसून डेटाबेसला एवढंच विचारलं की आत्ता किती वाजलेत. उत्तर आलं १६:१०.

पीएचपीमध्ये मी एशिया/कोलकाता हा टाइमझोन लावला होता, म्हणून पावती बरोबर. पण नोंद घालताना आजची तारीख मी डेटाबेसकडून घेत होतो, आणि डेटाबेस सर्व्हरच्या घड्याळावर चालतो. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर. आपले पहाटे ५:३० वाजतात तेव्हा तिथं मध्यरात्र होऊन तारीख बदलते. म्हणजे ५:१४ ला आलेलं दूध आदल्या दिवशीच्या सकाळी जाऊन पडायचं. जो रोज ५:३० च्या आत येतो त्याची सगळीच खतावणी एक दिवस मागं सरकायची आणि बोंब व्हायची नाही. जो काल ५:४० ला आला आणि आज ५:१४ ला, त्याच्या दोन्ही नोंदींना कालचीच तारीख पडायची, तिथं युनिक इंडेक्स अडवायचा. अण्णांचं "जरा थांबून टाक" का चालायचं, तेही कळलं. आणि थंडीत चूक का दिसली नाही, तेही. दूधच ६ नंतर यायचं. केंद्रातल्या पीसीवर विंडोजचं घड्याळ भारतीय वेळेवर होतं, त्यामुळं इतकी वर्षं हा प्रश्न उद्भवलाच नव्हता.

आणखी एक लक्षात आलं. पीएचपी ८.१ पासून मायएसक्यूएलआय डेटाबेसची चूक झाली की थेट एक्सेप्शन फेकतं, म्हणजे माझा प्रोग्राम तिथंच थांबतो. त्याआधीच्या आवृत्तीत माझ्या कोडनं ती नोंद मुकाट्यानं गिळली असती, पान पांढरं पडलं नसतं आणि मावशींचं दूध कुठंच दिसलं नसतं. ज्या पांढऱ्या पानावर मी महिनाभर चिडलो, त्यानंच वाचवलं.

दुरुस्ती दोन ओळींची. मारियाडीबी हा आमचा डेटाबेस, त्याच्या सेटिंगमध्ये डिफॉल्ट टाइमझोन अधिक ०५:३० असा आकड्यात दिला. नाव लिहून दिलं तर टाइमझोनचे तक्ते आधी भरावे लागतात, नाहीतर तो नाव ओळखत नाही. आपल्याकडे उन्हाळी वेळ-हिवाळी वेळ असलं काही नाही, आकडा पुरतो. शिवाय नोंदीची तारीख आता पीएचपीकडूनच पाठवतो, म्हणजे पावती आणि खातं यांचं घड्याळ एकच. जुन्या नोंदी सुधारता आल्या त्या नशिबानं. प्रत्येक ओळीत नोंदीची वेळ टाइमस्टॅम्प प्रकारात होती. तो प्रकार आत यूटीसीमध्येच साठवतो आणि दाखवताना टाइमझोनप्रमाणे बदलून दाखवतो, म्हणून टाइमझोन सुधारल्यावर त्या वेळा आपोआप बरोबर दिसायला लागल्या. डेटटाइम प्रकार असता तर तो जसा लिहिला तसाच राहिला असता. बॅकअप घेतला, त्या वेळेवरून सगळ्या तारखा नव्यानं भरल्या आणि मग युनिक इंडेक्स परत लावला. एक जरी नोंद दुबार राहिली असती तर तो लागलाच नसता. तक्रार न करता बसला. रात्रीचा दीड वाजला होता.

सकाळी मावशींना नवीन पासबुक छापून दिलं. त्यांनी बोट ठेवून मंगळवार बघितला आणि पिशवीत घातलं.

म्हणजे कंपनी बरोबर होती. अडचण माझ्या कोडमध्ये होती. तीन तिकिटांत मी जे लिहिलं त्याबद्दल चौथं तिकीट टाकून माफी मागितली. तरी माझी तक्रार पूर्ण संपलेली नाही, आणि ती मी सोडणार नाही. यांचा सर्व्हर मुंबईत आहे, बिल रुपयात आहे, जीएसटी भारतातला आहे. ऑपरेटिंग सिस्टीम निवडायला विचारता, पासवर्ड विचारता, मग टाइमझोन का विचारत नाही? यूटीसी ठेवण्यामागची कारणं मला पटतात, जगभर विखुरलेल्या सर्व्हरांचे लॉग जुळवायला तेच सोयीचं. पण पहिल्या पानावर एक ओळ लिहायला काय जातं? पहाटे ५:३० च्या आत उघडणारं काम आपल्याकडे थोडं नाही. दूध आहे, भाजीचे सौदे आहेत, पहाटेची एसटी आहे.

जुलैमधला प्रकार थोडक्यात. ११ तारखेला सकाळी बिलं काढायला घेतली आणि ५०२ बॅड गेटवे, म्हणजे आतल्या प्रोग्रामकडून उत्तरच नाही. रांगेत कानडी मंडळी "एनात्री?" (काय झालं?) विचारतायत, मराठी मंडळी माझ्या तोंडाकडं बघतायत. या वेळी तिकीट न टाकता आधी लॉग उघडला. लिनक्सनं मेमरी संपली म्हणून आधी मारियाडीबी मारलेला, मग पीएचपीची प्रक्रिया. कारण शोधलं तर ते माझंच जून महिन्यातलं. तेव्हा बिलाची पीडीएफ काढताना १३४२१७७२८ बाइटांची मर्यादा संपल्याची एरर आली होती. तो आकडा म्हणजे १२८ एमबी. मी विचार न करता मर्यादा ५१२ एमबी केली. १ जीबीच्या सर्व्हरवर दोघांनी एका वेळी बिल काढलं की मेमरी संपलीच. मर्यादा परत १२८ केली, ३१२ बिलं एकदम न काढता ४०-४० च्या गठ्ठ्यात काढतो, आणि २ जीबीचा स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) लावला, जो यांच्या सर्व्हरवर मुळात शून्य असतो. ऑगस्टच्या १ तारखेचं बिल विनाविघ्न निघालं.

आता हिशोब. ९ महिन्यांचे ४,७७९ रुपये. मॅनेज्ड घेतला असता तर त्याच काळात जीएसटीसह १९,११६. त्या फरकात केंद्राला नवीन फॅट मशीनचा निम्मा खर्च निघेल, असं अण्णा म्हणतात. कंपनीच्या बाजूनं सर्व्हर स्वतःहून एकदाही बंद पडलेला नाही, हे आता लॉग बघून सांगतोय. ज्याला लॉग वाचायला वेळ नाही त्यानं मॅनेज्ड घ्यावा. ज्याला आहे त्यानं हा घ्यावा, आणि घेतल्या दिवशीच पीएचपी, डेटाबेस आणि लिनक्स या तिघांना किती वाजलेत ते एकेकदा विचारावं.

१ चे ४ स्टार करतोय. पाचवा त्या टाइमझोनच्या ओळीसाठी राखून ठेवलाय. वर्षाचं नूतनीकरण काल भरलं. आज पहाटे ५:०९ ला खाते ४७ ची नोंद पडली, म्हैस, साडेचार लिटर, फॅट ७.१. मी मुद्दाम डेटाबेस उघडून तारीख बघितली. आजचीच होती.