छातीवरचा दुसरा टॉर्च

वास्कोला माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे, आणि ऑक्टोबर ते मे, दर महिन्यातले दोन रविवार मी पाण्याखाली असतो. वयाच्या ४४व्या वर्षी डायव्हिंग शिकलो. भाच्याने कोर्सला नाव घातलं होतं, त्याला सोबत म्हणून गेलो. आता तो मला सोबत म्हणून येतो.

गेल्या तीन सीझनमध्ये मी तीन बॅकअप टॉर्च घेतले, म्हणजे मुख्य टॉर्च पाण्याखाली बंद पडला तर वापरायचे. दोन फसले, तिसरा टिकला. म्हणून हे लिहायला बसलोय. ब्रँडची नावं घेत नाही. एक तर त्याच चिनी कारखान्याचा माल चार नावांनी विकला जातो, आणि दुसरं म्हणजे नावापेक्षा आत काय आहे ते बघितलेलं बरं.

पहिला ऑनलाइन मागवला, ८५० रुपयांना. डबीवर १०,००० लुमेन (प्रकाशाचं माप) आणि आयपीएक्स८ (पाण्यात टिकण्याचा दर्जा). घड्याळाच्या पाठीवर ३० मीटर लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ हात धुतले, पावसात भिजलं तर चालेल एवढाच, हे मी रोज कुणा ना कुणा गिऱ्हाइकाला समजावतो. आयपीएक्स८चंही तसंच. एक मीटरपेक्षा जास्त, इतकं खरं. पण किती खोल आणि किती वेळ, ते बनवणाऱ्याने स्वतःच ठरवायचं. हे माहीत असून मी घेतला. मोह.

चिखलीच्या जेटीवरून बोट निघाली तेव्हाच तांडेल म्हणाला होता, ‘बाब, आज उदक निवळ ना.’ म्हणजे आज पाणी स्वच्छ नाही. ग्रँड आयलंडजवळ सुझीज रेकवर, म्हणजे बुडालेल्या जहाजाच्या सांगाड्यावर, उतरलो. विझ, म्हणजे नजर पोचते ते अंतर, जेमतेम दोन मीटर, पसरलेल्या हाताच्या पुढचं सगळं हिरवट धुकं. १३ मीटरवर माझ्या खिशातला बॅकअप आपोआप पेटला. मागे रबरी बटण होतं ना, ते पाण्याच्या दाबानेच दाबलं गेलं. दर १० मीटरला एक बार दाब वाढतो, रबराला तेवढा पुरतो. मग तो मिचमिचला आणि विझला. काचेमागे पाण्याची रेघ दिसली.

दुसऱ्या दिवशी दुकानात टेबलावर उघडला. पहिल्या दोन आट्यांना सोड्याच्या बाटलीसारखा फुस्स आवाज. तिसऱ्या आट्याला टोपण हातातून सुटलं आणि समोरच्या भिंतघड्याळाच्या काचेवर आपटलं. आत खारं पाणी गेलं की सेलचा करंट त्यातून वाहत राहतो, वायू तयार होतो, आणि बंद नळीत कोंडला जातो. काच गिऱ्हाइकाची होती, ती मी बदलून दिली. तेव्हा बुडालेला टॉर्च कधी उघडायची वेळ आली तर तोंड बाजूला, काच भिंतीकडे, आणि आटे पाव पाव फेऱ्याने.

दुसरा टॉर्च महाग होता, ९,००० च्या वर. मॅग्नेटिक स्विचचा. कल्पना झकास: नळीला भोकच नाही, बाहेरची कडी सरकवली की आतला स्विच चुंबकाने चालू. पाणी शिरायला वाट नाही. पण त्या कडीखाली आमच्या किनाऱ्याची बारीक वाळू जाऊन बसते आणि मिठाचे खडे धरतात. दोन डायव्हनंतर ती अशी अडकली की अंगठ्याचं नख उचकटलं. टॉर्च मनगटाजवळ आणला की कंपासची सुई हलायची, तो भाग वेगळा. आणि सगळ्यात लाज वाटावी असं म्हणजे, घरी टॉर्चशेजारी काढून ठेवलेलं माझं ऑटोमॅटिक घड्याळ दिवसाला ४० सेकंद पुढे पळायला लागलं. केसस्प्रिंगला, म्हणजे घड्याळाची चाल ठरवणाऱ्या केसाएवढ्या बारीक स्प्रिंगला, चुंबक लागलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, हे मी धंद्याला लागलो त्या वर्षी शिकलो होतो. डिमॅग्नेटायझर दुकानातच असतो, दोन सेकंदांचं काम. पण घड्याळवाल्याच्याच घड्याळाची ही गत, भाचा अजून चिडवतो.

आता तिसरा. ४,६०० रुपये, १,००० लुमेन, एकच १८६५० सेल, हाताच्या पंज्याएवढी लांबी. डोकं फिरवून चालू करायचा. बटण नाही, चुंबक नाही. माझ्या डोळ्यांना ती ओळखीची गोष्ट: डायव्हिंगच्या घड्याळाची आट्यांची चावीच जणू. डोकं काढलं तेव्हा आत दोन काळ्या ओ-रिंग (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या) दिसल्या, एकामागे एक. भिंगाखाली पाहिलं तर आटे स्वच्छ कापलेले, कुठे धातूची कुसळं नाहीत. पहिल्याच्या आट्यांवर कापसाचा बोळा फिरवला तर धागे अडकत होते; इथे बोळा तसाच परत आला. तिथेच मी अर्धा पटलो.

लुमेनबद्दल दोन शब्द, कारण भाचा अजून ५,००० वर अडून बसलाय. गोव्याच्या पाण्यात माती आणि प्लँक्टन इतकं की पसरट, प्रखर झोत म्हणजे चोर्ला घाटात धुक्यात अप्पर मारणं. समोर पांढरी भिंत उभी राहते. बॅकअपला अरुंद झोत हवा. माझ्या टॉर्चचा ८ अंशांचा आहे, काठीसारखा जातो. खडकाच्या फटीतला लॉब्स्टर त्याने नीट दिसतो, आणि जोडीदाराच्या समोर वाळूवर गोल काढला की ‘ओके’, आडवा जोरात हलवला की ‘गडबड आहे, इकडे बघ’, हे गढूळ पाण्यातही पोचतं. शिवाय बॅकअपचं काम डायव्ह चालू ठेवणं नाहीच. मुख्य टॉर्च गेला की डायव्ह संपला. दुसऱ्याने फक्त वर आणायचं. त्याला १,००० लुमेन पुष्कळ झाले.

डबीवर १ तास ४० मिनिटं लिहिलंय. मी बादलीत पाणी घेऊन चालू करून ठेवला (हवेत एलईडी तापतो, पाण्यातच बघावा). १ तास १० मिनिटांपर्यंत डोळ्यांना फरक जाणवला नाही, मग पायरीपायरीने उतरला, आणि १ तास ३५ ला देवघरातल्या समईएवढा राहिला. म्हणजे खोटं लिहिलेलं नाही. प्रकाश सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा वेळ मोजायची या लोकांची रीतच आहे. आपण तिसरा हिस्सा कापून धरावं. हळूहळू उतरतो ही मात्र मोठी सोय. काही टॉर्च सेलमधल्या संरक्षक सर्किटमुळे फाडकन बंद होतात, पूर्वसूचना नाही.

सेल टॉर्चसोबत आला तो ठीक निघाला. ज्यादाचा घेताना ९,९०० एमएएच वगैरे छापलेला दिसला तर दुकानातून बाहेर पडा. या मापात साधारण ३,५००च्या आसपासच मावतं. १८६५० म्हणजे १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब. संरक्षक सर्किटवाला त्याहून तीन-चार मिमी लांब भरतो, म्हणून व्हर्नियर घेऊनच जा, नाहीतर एक खुळखुळतो आणि दुसरा टोपण लावू देत नाही. विमानाने अंदमानला जाणार असाल तर सुटे सेल केबिनच्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही.

आता कुरबुरी. एका हाताने चालू होत नाही. एका हाताने नळी, दुसऱ्याने डोकं. कॅमेरा किंवा दोरी हातात असेल तर पंचाईत. लॅनयार्ड (मनगटात अडकवायची दोरी) दिलाय तो चपलेच्या नाडीसारखा, फेकून दिला. मागचं भोक इतकं लहान की साधा बोल्ट स्नॅप (खटक्याचा हूक) जात नाही. मी केव्हलारचा दोरा ओवून स्नॅप बांधला. छातीवरच्या पट्ट्याच्या डी-रिंगला (डी आकाराच्या कडीला) तो अडकवायचा आणि टॉर्चची नळी हार्नेसवर सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या रिंगमध्ये खोचायची, म्हणजे लोंबत नाही. चार्ज किती उरला ते कळत नाही. मी दर शनिवारी मल्टिमीटर लावतो: ४.१ व्होल्टच्या खाली दिसला की परत चार्जिंगला. मल्टिमीटर सगळ्यांकडे नसतो, हे मान्य.

आणि या जातीच्या टॉर्चची खरी खोड: बंद करताना डोकं जरा जास्त फिरलं की ओ-रिंग उघडी पडते, म्हणजे पाणी आत. उलट अगदी चिकटवून बंद ठेवलं तर खोलवर दाबाने डोकं आत दबतं आणि तो पेटतो. माझा हिशोब, पेटता टॉर्च विझला की तिथून पुढे अर्धा फेरा, एवढंच. नेलपॉलिशने डोक्यावर आणि नळीवर एक-एक टिंब दिलंय. दोन्ही समोरासमोर आली की योग्य. बायकोची बाटली वापरली, गुलाबी आहे, बोटीवर हसतात.

फेब्रुवारीत त्याच जहाजाच्या सांगाड्यापाशी भाच्याचा मुख्य टॉर्च मेला. मी बाजूला होतो, दोन मीटरवर, पण मला फक्त अंधार झालेला दिसला. मग माझ्यासमोरच्या तळावर एक पिवळसर ठिपका आडवा हलला. मीच दिलेल्या अशाच टॉर्चचा. त्याच्यापर्यंत पोचलो, अंगठा वर केला (पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर चल’), तो माझ्याबरोबर वर आला. पाच मीटरवर सुरक्षेसाठी नेहमीप्रमाणे तीन मिनिटं थांबलो तेव्हा तो ठिपका त्याच्या हातात तसाच जळत होता. बोटीवर चढल्यावर पोराने पहिलं वाक्य काय काढलं? ‘मामा, पण पाच हजार लुमेनवाला असता तर?’

वर्षातून एकदा मी दुकानातली एक जुनी तपासणी करतो. घड्याळ जरा गरम करून काचेवर गार पाण्याचा थेंब सोडतात. थेंबाखाली आतून वाफ धरली तर आत ओल आहे. टॉर्चलाही तेच. कमी उजेडावर दहा मिनिटं हवेत चालू, मग भिंगावर फ्रीजच्या पाण्याचा थेंब. माझ्या टॉर्चची काच दोन्ही वर्षं कोरडी राहिली. ग्रीस लावताना मात्र हात आखडता ठेवा, ओ-रिंग नुसती चकाकली पाहिजे. जाड थर दिला की वाळू चिकटते, आणि एक केसही पाण्याला पुरेशी वाट देतो.

आता जून लागला, बोटी बंद. सेल काढून अर्ध्या चार्जवर वेगळ्या डबीत ठेवलाय, डोकं सैल केलंय म्हणजे ओ-रिंग चार महिने दबून राहणार नाही, आणि सोबत सिलिका जेलच्या चार पुड्या, कारण इथल्या पावसात चष्म्यालाही बुरशी येते. पहिला, बुडालेला टॉर्च फेकला नाही. त्याची नळी सोल्डरिंगच्या तारा ठेवायला बरी पडते.