मोतीबिंदूची लेन्स: पॅकेजचं नाव नको, मॉडेल आणि मापं विचारा

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं की दवाखान्यातले समुपदेशक एक कार्ड पुढे करतात. इंडियन फोल्डेबल, इम्पोर्टेड, प्रीमियम, सुपर प्रीमियम असे रकाने आणि समोर किमती. या नावांवरून डोळ्यात बसवायच्या लेन्सबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. 'इंडियन' या एका शब्दाखाली साधी लेन्सही येते आणि उत्तमही, 'इम्पोर्टेड'चंही तेच. म्हणून पाच गोष्टी कागदावर लिहून मागाव्यात: कंपनी आणि मॉडेल, मटेरियल, फोकस एक की अनेक, टोरिक, म्हणजे सिलिंडरचा (दोन दिशांना वेगवेगळा असणारा) नंबर घालवणारी, आहे की नाही, आणि ऑपरेशननंतर डोळ्याला किती नंबर राहील असा हिशेब डॉक्टरांनी धरलाय. हा शेवटचा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही, पण रोजच्या जगण्यावर सर्वात जास्त परिणाम त्याचाच होतो.

आमचं मत आधीच सांगतो. बहुतेक लोकांसाठी हायड्रोफोबिक (पाणी फारसं न धरणाऱ्या) अ‍ॅक्रिलिकची, अ‍ॅस्फेरिक, एकाच फोकसची फोल्डेबल (दुमडून बसवायची) लेन्स ही सर्वात भरवशाची निवड आहे. अल्कॉनची अ‍ॅक्रिसॉफ आयक्यू, जॉन्सन अँड जॉन्सनची टेक्निस, बॉश अँड लॉम्बची एनव्हिस्टा या त्याच गटातल्या. भारतीय कंपन्यांच्याही हायड्रोफोबिक लेन्स मिळतात. मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून इथेच लेन्स बनवायला सुरुवात केली आणि गरिबाच्या डोळ्यातही लेन्स बसवणं परवडू लागलं, हे विसरून 'इंडियन' म्हणजे हलकं असं समजणं चुकीचं आहे. अ‍ॅस्फेरिक लेन्सचा फायदा मुख्यतः कमी उजेडात होतो. बाहुली मोठी झाली की जुन्या धाटणीच्या लेन्समधून कडेची किरणं वेगळ्या जागी जमतात आणि दिसणं धुरकट होतं. अ‍ॅस्फेरिकमध्ये तो दोष कमी केलेला असतो.

मटेरियलचा मुद्दा दिसतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. लंडनमध्ये १९४९ साली हॅरॉल्ड रिडली यांनी पहिली लेन्स बसवली ती पीएमएमए या कडक प्लॅस्टिकची होती. तेच मटेरियल आजही शिबिरांत वापरलं जातं. ती लेन्स दुमडत नाही, त्यामुळे साधारण साडेपाच ते सहा मिलिमीटरचा छेद लागतो, फोल्डेबलला सव्वादोन ते पावणेतीन मिलिमीटर पुरतो. सरावलेल्या सर्जनच्या हातून बिनटाक्याच्या पद्धतीने बसवलेली पीएमएमए लेन्स वर्षानुवर्षं स्वच्छ राहते. सिलिंडरचा नंबर मात्र थोडा जास्त येऊ शकतो. सरकारी योजनेत हीच लेन्स मिळणार असेल तर केवळ त्यासाठी कर्ज काढू नये.

हायड्रोफिलिक लेन्स मऊ असते, तिच्यात साधारण १८ ते २६ टक्के पाणी असतं. ती बसवायला सोपी आणि स्वस्त, पण दोन तोटे आहेत. लेन्समागची जाळी (लेन्स बसते त्या नैसर्गिक पिशवीवर धरणारा धुरकट थर) लवकर येण्याकडे तिचा कल असतो. आणि काही डोळ्यांत लेन्सवरच कॅल्शियम साचून ती दुधाळ होते. ही दुधाळी लेझरने जात नाही, लेन्स काढून बदलावी लागते. पुढे डोळ्यात हवा किंवा गॅस भरावा लागेल असं ऑपरेशन होण्याची शक्यता असेल, म्हणजे मधुमेहामुळे डोळ्यामागचा पडदा खराब झालेला असेल किंवा कॉर्निया (डोळ्याची समोरची पारदर्शक काच) बदलावा लागणार असेल, तर हा धोका वाढतो. अशा रुग्णांनी हायड्रोफोबिकच मागावी. निळा प्रकाश गाळणाऱ्या पिवळसर लेन्समुळे पडद्याचं रक्षण होतं असं सांगून जादा पैसे मागितले जात असतील, तर तसा ठोस पुरावा नाही हे लक्षात ठेवावं. अतिनील किरणं तर आजच्या जवळजवळ सगळ्याच लेन्स अडवतात.

आता खरी मेख: माप. महागडी लेन्स चुकीच्या पॉवरची बसली तर स्वस्त पण अचूक लेन्सपेक्षा वाईट दिसतं. डोळ्याची लांबी साधारण २३ ते २४ मिलिमीटर असते आणि त्यात एका मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्याचा नंबर अडीच ते तीनने चुकतो. आयओएलमास्टर किंवा लेनस्टारसारखी यंत्रं डोळ्याला न लावता प्रकाशाने लांबी मोजतात. ए-स्कॅनची सोनोग्राफीची पेन्सिल थेट डोळ्यावर टेकवली आणि किंचित दाबली गेली, तर कॉर्निया चपटा होतो, डोळा आखूड मोजला जातो, जास्त पॉवरची लेन्स निघते आणि ऑपरेशननंतर मायनस नंबर येतो. मोतीबिंदू फार पिकून तपकिरी झाला की प्रकाश आरपार जात नाही आणि ए-स्कॅनवरच भिस्त ठेवावी लागते. 'पिकू द्या, मग बघू' हा सल्ला म्हणूनच जुना झाला. शिवाय कडक मोतीबिंदू फोडायला अल्ट्रासाउंडची शक्ती जास्त लागते आणि कॉर्नियाला त्रास होतो.

मापाच्या आधी सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स एक-दोन आठवडे आणि कडक लेन्स तीन-चार आठवडे बंद ठेवावी. डोळे कोरडे असतील तर काही आठवडे थेंब घालून मग माप घ्यावं, कारण कोरड्या कॉर्नियाची वक्रता दर वेळी वेगळी येते. माप दोन्ही डोळ्यांचं घ्यावं. दोन डोळ्यांच्या लांबीत ०.३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक निघाला आणि चष्म्याचा नंबर मात्र सारखा असला, तर मोजणी पुन्हा करायला सांगावं. लेसिक झालेलं असेल तर ते न विसरता सांगावं आणि जुने कागद असतील तर न्यावेत. मायनस नंबर घालवण्यासाठी लेसिक केलेल्या डोळ्याला नेहमीचं सूत्र वापरलं तर कमी पॉवरची लेन्स निघते आणि नंतर प्लस नंबर येतो. बॅरेट ट्रू-के यासारखी वेगळी सूत्रं त्यासाठीच आहेत.

नंबर कुठे ठेवायचा? सर्वसाधारण पद्धत म्हणजे लांबचं स्पष्ट, आणि वाचायला अडीचच्या आसपासचा चष्मा. ज्यांना आयुष्यभर उणे तीनचा नंबर होता आणि जे चष्मा काढून पोथी वाचत, सुईत दोरा ओवत, त्यांना मात्र हे मानवत नाही. लांबचं लख्ख दिसतं पण हातातलं अक्षर फुटतं, आणि 'ऑपरेशन बिघडलं' असं वाटतं. अशांनी ऑपरेशनआधीच डॉक्टरांशी बोलून उणे अडीचच्या आसपास नंबर ठेवायचा का, ते ठरवावं. म्हणजे वाचन पूर्वीसारखं बिनचष्म्याचं आणि बाहेर जाताना चष्मा. दुसरा मार्ग मोनोव्हिजनचा: ज्या डोळ्यावर मेंदूचा भर जास्त तो लांबसाठी, दुसरा उणे सव्वा ते दीडवर. साध्या लेन्समध्येच हे जमतं, जादा खर्च नाही. तांदूळ निवडणं, मोबाइल, ताटातलं जेवण हे सगळं बरंचसं निभावतं. पण आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून हा प्रयोग करून बघावा, कारण काहींना दोन डोळ्यांतला फरक सहन होत नाही.

जादा पैसे खर्चायचेच असतील तर पहिला मान टोरिक लेन्सला द्यावा. कॉर्नियाचं सिलिंडर एक ते सव्वाच्या वर असेल तर साध्या लेन्सने लांबचंही चष्म्याशिवाय स्पष्ट दिसत नाही. इथे एक गफलत नेहमी होते: चष्म्यातलं सिलिंडर बघून टोरिक ठरवली जाते. चष्म्यातल्या सिलिंडरचा काही भाग नैसर्गिक भिंगाचा असतो आणि ते भिंग तर काढूनच टाकायचं असतं. मोजायचं ते फक्त कॉर्नियाचं. डब्यावर १.५० सिलिंडर छापलेली लेन्स कॉर्नियाच्या पातळीवर साधारण १.०३ इतकंच काम करते, हेही माहीत असू द्यावं. लेन्स ठरलेल्या अक्षावरून एक अंश फिरली की सुमारे ३.३ टक्के परिणाम जातो, ३० अंश फिरली की पैसे वाया. आडवं झोपल्यावर डोळा थोडा फिरतो, म्हणून शाईच्या खुणा रुग्णाला ताठ बसवून करतात किंवा यंत्राने डोळ्याचा बसलेल्या स्थितीतला फोटो घेतात. यातलं काय करणार, ते विचारावं. लेन्स फिरायची ती बहुधा पहिल्या काही तासांत फिरते. फिरलीच तर पहिल्या काही आठवड्यांत परत जागेवर आणता येते.

मल्टिफोकल आणि ट्रायफोकल लेन्सची जाहिरात 'चष्म्यापासून मुक्ती' अशी होते. पॅनऑप्टिक्ससारखी ट्रायफोकल लांबचं, साधारण ६० सेंटिमीटरवरचं आणि ४० सेंटिमीटरवरचं दाखवते, आणि योग्य डोळ्यात खरोखर छान दाखवते. पण आत येणारा प्रकाश ती तीन ठिकाणी वाटते. त्यामुळे कमी उजेडात अक्षरं फिकी वाटतात आणि रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती कडी दिसतात. मेंदूला सवय व्हायला तीन ते सहा महिने लागतात, काहींना होतच नाही. रात्री एसटी, ट्रक, टॅक्सी चालवणाऱ्यांनी ही लेन्स घेऊ नये. काचबिंदूने नजर कमी झालेली असेल, पडद्याच्या मध्यभागी आजार असेल, कॉर्निया वेडावाकडा असेल किंवा डोळे फार कोरडे असतील तरीही नको. पडद्याचा ओसीटी (थर दाखवणारा) स्कॅन न करता कुणी ही लेन्स सुचवत असेल तर दुसरा डॉक्टर गाठावा. व्हिव्हिटी आणि सिम्फनी या फोकस लांबवणाऱ्या लेन्स मधला मार्ग आहेत. लांबचं आणि कॉम्प्युटरच्या अंतरावरचं चांगलं दिसतं, बारीक छपाईला मात्र एक-सव्वाचा चष्मा लागू शकतो. व्हिव्हिटीत कड्यांचा त्रास ट्रायफोकलपेक्षा कमी.

पैसे भरण्याआधी आणखी दोन प्रश्न. लेन्स धरणारी मागची पिशवी ऑपरेशनमध्ये फाटली तर काय बसवणार? एकसंध अ‍ॅक्रिलिक लेन्स अशा वेळी पिशवीपुढच्या खोबणीत ठेवू नये, ती बुबुळाला घासते आणि सूज, दाब वाढतो. तिथे तीन भागांची लेन्स लागते, ती तयार हवी, आणि मग महागड्या लेन्सचे पैसे परत मिळणार का तेही ठरलेलं हवं. दुसरा, विमा: मोतीबिंदूच्या रकमेवर मर्यादा असते आणि मल्टिफोकलचा जादा खर्च बऱ्याच पॉलिसी देत नाहीत. मॉडेलचं नाव लिहून आधी मंजुरी घ्यावी. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू असेल किंवा पूर्वी घेतलं असेल तर सर्जनला नक्की सांगावं, त्याने बुबुळ ढिलं पडतं. आणि 'लेझरने ऑपरेशन' ऐकून भारावून जाऊ नये. नेहमीची फेको पद्धत अल्ट्रासाउंडची आहे, फेम्टो लेझर तिच्यातले काही टप्पेच करतं आणि चांगल्या हातात दोन्हींचे निकाल जवळपास सारखे येतात.

लेन्सच्या डब्यात चिकटपट्ट्या असतात. त्यांवर मॉडेल, पॉवर, सिरियल नंबर आणि मुदत छापलेली असते. त्यातली एक तुमच्या डिस्चार्ज कार्डावर लागली आहे का बघावं, ठरलेल्या मॉडेलशी ताडून बघावं आणि फोटो काढून ठेवावा.

घरी आल्यावर थेंब चार-सहा आठवडे, डॉक्टरांनी सांगितलं तसे कमी करत. पहिले काही दिवस डोळ्यात नळाचं पाणी जाऊ देऊ नये. चष्म्याचा नंबर चार ते सहा आठवड्यांनी काढावा, घाईने केलेला चष्मा बदलावा लागतो. कानाकडच्या बाजूला काळसर चंद्रकोर दिसली तर ती बहुधा लेन्सच्या कडेमुळे असते आणि बऱ्याच जणांत हळूहळू विरते. पण पहिल्या आठवड्यात दुखणं वाढलं, डोळा लाल झाला आणि नजर उतरली, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. सकाळची वाट न बघता दवाखाना गाठावा.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धुरकट दिसू लागलं तर मोतीबिंदू परत आलेला नसतो, लेन्समागच्या पिशवीवर जाळी धरलेली असते. याग लेझरने तिला खिडकी पाडतात, काही मिनिटांचं काम आहे. मल्टिफोकल लेन्सवर नाराज असाल तर मात्र याग लगेच करू नका. आधी तक्रार जाळीची आहे की लेन्सची ते ठरवून घ्या, कारण पिशवीला भोक पडल्यावर लेन्स बदलणं बरंच जोखमीचं होतं. आणि यागनंतर नवे काळे ठिपके तरंगू लागले, चमका दिसल्या किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी पडद्याची तपासणी करून घ्या.